दाजी, तुळई बसली

दाजी, ज्या सकाळी तुम्ही गेलात, त्या सकाळी मी तुमच्या नावाने खडे फोडत होतो.

क्रेन आखाडा बाळापूरहून दिवस उगवायच्या आत येऊन साइटवर उभी होती. इमारतीची शेवटची तुळई, हॉलवरची, निळ्या ताडपत्रीतून काढून, पट्टे बांधून तयार ठेवली होती. लाकडाच्या कारखान्याचा माणूस बोल्ट मांडून बसला होता. सगळे तुमची वाट बघत होते आणि तुमचा पत्ता नव्हता. मी क्रेनवाल्याला म्हणालो, आमचे दाजी प्रोफेसर आहेत बाबा, घंटी वाजल्याशिवाय वर्गात पाऊल टाकत नाहीत. सगळे हसले. मजुरांतली शेवंताबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. त्याने चेव येऊन मी आणखी दोन-चार गोष्टी बोललो, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तेवढ्यात अक्काचा फोन आला. मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखा डबा विसरून निघालात आणि ती माझ्याकडे तक्रार करणार. मी उचलल्या उचलल्या विचारलं, निघाले का तुझे साहेब?

अक्का म्हणाली, "बूट घालून ऱ्हायले होते. एका पायात घातला अन् पायरीवर बसूनच ऱ्हायले."

मी म्हणालो, "मग दुसरा घाला म्हणावं की. क्रेन थांबलीय."

हे मी खरंच बोललो, दाजी. माझ्या सख्ख्या बहिणीला, त्या वेळी. मग शेजारच्या कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि मला समजेल अशा शब्दांत सांगितलं.

समजेल असं म्हणतो, पण मला ते अजून समजलेलं नाही. बी.पी.ची गोळी मी खातो, तुम्ही नाही. साखर मला आहे, तुम्हाला नाही. दोन मजले चढल्यावर दम मला लागायचा, आणि तुम्ही वरून विचारायचात, काय गुत्तेदार, लिफ्ट बसवू का तुझ्यासाठी? आपल्या दोघांत कुणीतरी असं पायरीवर बसून राहायचंच असतं, तर हिशोबाने तो मी होतो. नांदेडला तुमच्या घरापर्यंत मी गाडी कशी आणली ते मला सांगता येत नाही. तुमचा दुसरा बूट तिथेच पायरीखाली उलटा पडला होता, आणि येणारा-जाणारा त्याला वळसा घालून आत जात होता. कुणीही तो उचलला नाही. मीही नाही.

तुमच्या-माझ्या नात्याची सुरुवातच भांडणाने झाली. अक्काच्या लग्नात कान पिळायला मी तुमच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा मला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. रीतीप्रमाणे नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान धरल्यासारखा करायचा आणि सोडायचा. मी चांगला जोरात पिळला. तुमचा कान लाल झाला आणि तुम्ही हसून म्हणालात, हात चांगला आहे, पुढे सळई वाकवायच्या कामाला येईल. पुढे मी तेच केलं. वसमतला गुत्तेदार झालो, बांधकामाचे ठेके घेऊन स्लॅब टाकत राहिलो, आणि तुम्ही विद्यापीठात इमारती शिकवत राहिलात. मी बांधतो आणि तुम्ही बोलता, असं मी सगळ्या पाहुण्यांत सांगत फिरायचो. तुम्हीही ते ऐकून घ्यायचात, आणि जेवणात माझ्या ताटात मुद्दाम मिरची वाढायला लावायचात.

डोंगरकडा गावाच्या अलीकडची ही मातीच्या संशोधनाची इमारत मला मिळाली तेव्हा नकाशा साधा होता. खांब, तुळया, स्लॅब, सगळं सिमेंटचं. मग विद्यापीठाच्या मनात आलं की हवेला कमी त्रास देणारी इमारत करून बघू, आणि नकाशा बदलायला त्यांनी माणूस नेमला तो नेमका तुम्ही. मला हे तुम्ही अक्काच्या स्वयंपाकघरात जेवताना सांगितलंत. म्हणालात, पाया आणि जोतं तुझं, त्याच्या वर सगळं लाकूड. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, विद्यापीठाला गोठा बांधायचा आहे का? तुम्ही म्हणालात, गोठाच, पण दोन मजली.

मग तुम्ही ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून मला शिकवायला लागलात. झाडाच्या फळ्या भट्टीत वाळवायच्या, एकीवर एक चिकटवायच्या आणि यंत्रात दाबायच्या, की एका झाडातून कधी निघणार नाही एवढी लांब-जाड तुळई होते. मजल्याच्या जमिनीसाठी जाड पॅनेल करायचे, त्यात फळ्यांचा एक थर आडवा, त्यावरचा उभा, परत आडवा. कडब्याची गंजी रचतात तशी, असं तुम्ही म्हणालात, आणि मला राग आला, कारण ते मला लगेच समजलं. झाडं जंगलातली नव्हेत, लागवडीची. वाढताना ती हवेतला धूर खातात आणि त्यांची तुळई केली की तो धूर तिच्या पोटातच राहतो. सिमेंटचं उलटं, ते भट्टीतून बाहेर पडतानाच मागे धूर सोडून येतं. मातीचं भलं करायला बसणाऱ्या माणसांनी हवा बिघडवून घर बांधावं, हे तुम्हाला पटत नव्हतं. मी म्हणालो, सिमेंटच्या त्या धुरावरच तुमच्या बायकोच्या माहेरची चूल पेटते. अक्का म्हणाली, दोघंही ताटावरून उठा.

मी काय काय आडवं घातलं ते तुम्हाला पाठ होतं. आमच्याकडचं ऊन लाकूड उलवतं, चिरा पाडतं. उंदीर. आणि लाकूड पोखरणारी उधई. उधई हा माझा हुकमी पत्ता होता, दर वेळी मी तो टाकायचो. तुम्ही काळ्या रानाचा पत्ता टाकायचात. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन, तिच्यावर जड घर बसवलं की भिंती तडकतात, हे मी जन्मभर बघत आलो होतो. लाकूड हलकं, तेव्हा जमिनीवर भार कमी, तेव्हा पायाही लहान. मी म्हणायचो, ते राहू द्या, उधईचं बोला.

आणि तुम्ही बोललात. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे म्हणतो. तुम्ही माझी उधई चेष्टेवारी नेली नाहीत. जोतं दगडाचं आणि गुडघ्याच्या वर घेतलंत, जोत्यावर पत्र्याची पट्टी टाकलीत, म्हणजे उधई वर चढायला लागली तर तिचा मातीचा माग बाहेरून दिसेल. नकाशात त्या रेघेपाशी बोट ठेवून तुम्ही म्हणालात, ही तुझी. एवढ्या वर्षांत माझं म्हणणं कुणाच्या नकाशात गेलं नव्हतं. मी फक्त म्हणालो, पट्टी अजून रुंद पाहिजे.

आगीचं मात्र मी एकटाच म्हणत नव्हतो. विद्यापीठाची माणसंही तेच विचारत होती. तेव्हा हळदीचे दिवस होते, शेजारच्या रानात हळद शिजवायची भट्टी पेटलेली होती. तुम्ही तुळईचा एक कापून उरलेला तुकडा उचललात, शेतकऱ्याची परवानगी घेतलीत आणि सगळ्यांसमोर तो भट्टीत टाकलात. आम्ही चहा प्यायलो, परत प्यायलो, हळदीच्या वाफेने सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. मग तुम्ही तो तुकडा बाहेर ओढायला लावलात. बाहेरून काळा ठिक्कर. करवतीने मधोमध कापला तर आत पिवळसर, कोरा, नुकताच रंधा मारलेला वाटावा असा. तुम्ही सांगितलंत, जाड लाकूड वरून जळतं आणि जळलेली सालच आतल्याला राखते, बारीक काटकी तेवढी भसकन पेटते. मी आत बोट लावून बघितलं. थोडंसं कोमट होतं.

दाजी, ही गोष्ट मी सरणापाशी आठवायला नको होती.

लाकडं मोठी होती. आग धरेना. मागे कुणीतरी म्हणालं, लाकूड ओलं दिलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, ओलं नाही, जाड आहे, जाडाला वेळ लागतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाकून बारीक काटक्या शोधून खालून सारायला लागलो, आणि सारता सारता मला वाटलं की आता तुम्ही मान हलवाल, पोरगं शिकलं एकदाचं म्हणाल. मी वळूनसुद्धा बघितलं, बाजूला. तुम्ही बाजूला उभे नव्हता. माझे हात तिथेच थांबले आणि मग दुसऱ्यांनी मला मागे घेतलं. शिकवलेलं सगळं तुमच्यावरच वापरायची पाळी यावी, हे कोणत्या वर्गात शिकवतात?

शेवंताबाईचं सांगतो, म्हणजे तुम्ही हसाल.

ती माझ्या साइटवरची जुनी बाई, पलीकडच्या तांड्यावरची. स्लॅब पडला, म्हणजे ओतून झाला, की दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी मारायचं काम तिचं. स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे करायचे आणि ते पाण्याने भरून ठेवायचे, म्हणजे सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. आपल्याकडे बांधकामात हे लेकराला दूध पाजण्याइतकं महत्त्वाचं मानतात. पहिल्या मजल्याचे तुमचे लाकडी पॅनेल बसले, संध्याकाळी आपण सगळे घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर शेवंताबाईने रानातली काळी माती पाट्यांनी वर नेऊन अख्ख्या लाकडी जमिनीवर वाफे घातले होते आणि पाइप लावून ते काठोकाठ भरले होते. कारखान्याचा माणूस डोक्याला हात लावून खाली बसला. तुमची गाडी फाटकातून आत येत होती.

तुम्ही वर आलात. चपला काढल्यात. पँट वर दुमडलीत आणि त्या पाण्यात जाऊन उभे राहिलात. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार, एवढ्या वर्षांत मी याला कधी चिडलेलं बघितलं नाही ते आज बघणार. तुम्ही शेवंताबाईला विचारलंत, हे काहून केलं बाई?

"नवं काम हाय साहेब," ती म्हणाली. "उनाचं तापून ऱ्हायलं. त्याला पाणी नको का?"

तुम्ही म्हणालात, "बराबर हाय. पण ह्याला न्हाई लागत. हे आधीच पिऊन आलंय."

आणि पहिला बांध तुम्ही स्वतःच्या हाताने फोडलात. मग आम्ही सगळे, कारखान्याच्या माणसासकट, दुपारपर्यंत पोत्यांनी आणि फडक्यांनी पाणी टिपत बसलो. एका कडेचं लाकूड थोडं फुगलं, ते पुढे वाळून बसलं. पण सांध्यांतून पाणी खाली झिरपलं आणि खालच्या खोलीच्या छतावर काळ्या मातीचे डाग उमटले, वाफ्यांच्या रेघांसारखे. मी म्हणालो, घासून काढू, नाहीतर खालून दुसरं छत मारू. तुम्ही नाही म्हणालात. मातीचं केंद्र आहे, छताला माती लागली तर काय बिघडलं, असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो, बघायला येणारी माणसं हसतील. त्यावरून आपलं चांगलं जुंपलं. ते भांडण मिटलं नाही. डाग तसेच आहेत.

शेवंताबाईला तुम्ही नवं काम दिलंत. रोज सकाळी कोरड्या फडक्याने लाकूड पुसायचं. ती मला कुरकुरत सांगायची, मालक, पाणी न मारता काम पक्कं कसं व्हईल, साहेबाला कळून न्हाई ऱ्हायलं. पण पुसायची.

त्याच आठवड्यात जेवणाचा विषय निघाला. स्लॅब पडला की मजुरांना जेवण द्यायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. गोड असतं, कधी बोकड असतो, पण दिल्याशिवाय गुत्तेदार सुटत नाही. मजूर माझ्याकडे आले, मजला झाला, जेवण कधी? मी म्हणालो, स्लॅब पडल्यावर. ते म्हणाले, मग हे काय आहे? मी म्हणालो, हा पाट आहे, मोठा पाट, देवघरात ठेवतात तसा. ते तुमच्याकडे गेले. तुम्ही मला बोलावून सांगितलंत, मी घालतो जेवण. मी ऐकलं नाही. साइट माझी, जेवण मी घालणार, आणि ज्या दिवशी मी याला स्लॅब म्हणेन त्या दिवशी घालणार. तुम्ही मजुरांकडे वळून म्हणालात, चला रे, आपण उपाशीच. त्यानंतर मला बघितलं की तुम्ही रोज पोटावर हात फिरवायचात.

आणि मग हॉल आला. मधे खांब नाही, एवढ्या लांबीवर लाकडाची तुळई टाकायची आणि तिच्यावर छत. इथे मी अडलो. चेष्टा सोडून अडलो. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी फोनवर मी तुम्हाला म्हणालो, बाकी इमारतीत तुमचं ऐकलं, हॉलवर मला स्लॅब टाकू द्या, एवढ्या लांबीला लाकूड वाकेल, आणि खाली विद्यार्थी बसणार आहेत. तुम्ही म्हणालात, वाकतं, वाकणं वाईट नसतं. मी म्हणालो, हे फळ्यावर लिहायला ठीक आहे. माझा आवाज चढला होता. तुमचा नव्हता. तुम्ही म्हणालात, "उद्या क्रेन आण. तुळई बसली की तिच्याखाली उभं राहून भांडू."

ते भांडण माझ्याकडे तसंच्या तसं पडून आहे, दाजी. मी मुद्दे काढून ठेवले होते.

दहावा व्हायच्या आत विद्यापीठाच्या अभियंत्यांचा फोन आला. माणूस भला आहे, आधी तुमच्याबद्दलच बोलला. मग म्हणाला, हॉलचं काय करायचं? लाकडाची जबाबदारी ज्यांनी घेतली तेच राहिले नाहीत, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? कमिटीचा विचार आहे की हॉलवर साधा स्लॅब टाकावा. गुत्तेदार, तुम्ही तर पहिल्यापासून तेच म्हणत होता, बैठकीत तुम्ही सांगितलं की विषय संपला.

फोन ठेवला आणि मी ओट्यावर बसलो. मी जिंकलो होतो. इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडलो, एकदाही जिंकलो नव्हतो, आणि आता जिंकलो ते तुम्ही पायरीवरून उठला नाहीत म्हणून. मला तुमचा राग आला. खरंच आला. हे काय भांडायचं तंत्र झालं? समोरच्याला असा विजय देऊन निघून जायचं, की त्याला तो गिळताही येऊ नये आणि टाकताही येऊ नये?

मी अक्काला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, म्हणेल की त्यांची शेवटची इच्छा पुरी कर. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू त्यायच्यासाठी म्हणून काही करू नको. तुला पटत असंल तरच कर. न पटता केलेलं त्यायला चाललं नसतं."

म्हणजे तिनेही मला सोडवलं नाही. तुमच्यावरच्या मायेने तुळई चढवून मोकळं होता आलं असतं, तो रस्ता तिने बंद केला. मी तिच्यावरही चिडलो आणि वसमतला परत आलो.

तेव्हा मला जे येतं ते मी केलं. कारखान्याच्या माणसाला बोलावलं, मजूर लावले, आणि तुमच्या पहिल्या मजल्यावर, हॉलच्या तुळईसारखीच पण आखूड तुळई जिथे आहे तिथे, माझ्या गोदामातली सिमेंटची पोती रचायला लागलो. तुमच्या लाकडावर माझं सिमेंट. कारखान्याचा माणूस गणित करून सांगत होता, किती पोती म्हणजे किती माणसांचा भार, आणि त्याच्या पुढे किती चालतं. मी तुळईखाली सरळ दोरी ताणून बसलो होतो, ती किती वाकते ते बघायला. आमची ती पद्धत आहे. दोरी खोटं बोलत नाही, असं तुमचंही मत होतं. पोती वाढत गेली तशी तुळई दोरीकडे सरकली. बोटभरही नाही, पण सरकली. मी वर ओरडून म्हणालो, बघा, वाकली. मग माझ्या लक्षात आलं की मी हे कुणाला सांगतोय.

ती पोती दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली. तुळई तिथेच थांबली, आणखी खाली आली नाही. मग पोती उतरवायला लावली आणि दोरीकडे बघत राहिलो. एक एक पोतं उतरत होतं आणि तुमची तुळई वर चालली होती. शेवटचं पोतं उतरलं तेव्हा ती होती तिथे जाऊन बसली. लाकडातून बारीक करकर आली. त्या आवाजाला मी नावं ठेवायचो. स्लॅब बोलत नाही, म्हणायचो. त्या दुपारी तो आवाज ऐकून मी तिथेच, सगळ्या मजुरांसमोर रडलो. तोवर मी रडलो नव्हतो.

बैठकीत अभियंत्यांनी विचारलं, तुमचं मत सांगा. सगळ्यांना माझं मत माहीतच होतं, दोघे-तिघे तर कागद आवरायला लागले होते. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "वाकतं. पण परत येतं. मी सोता बघितलंय." मग जे बघितलं ते सगळं सांगितलं, पोती, दोरी, भट्टी, पाण्याचे वाफेसुद्धा. उधईचंही सांगितलं, की माझी शंका फिटलेली नाही आणि जोत्यावरची पट्टी दर पावसाळ्याआधी तपासायची जबाबदारी मी घेतो. कारखान्याने आपल्या बाजूने लिहून दिलं. तुमच्या विभागातल्या तुमच्याच एका विद्यार्थिनीने सगळं गणित परत करून दाखवलं. हॉल लाकडाचाच करायचं ठरलं.

तुमचं तेरावं झाल्यावर क्रेन परत आली. तोच क्रेनवाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही. तुळई उचलली, हवेत थोडी फिरली, कारखान्याच्या माणसाने दोराने ती सरळ केली आणि ती खाचेत अशी बसली की खालून फक्त एक टक्क असा आवाज आला. सगळे बोल्ट पिळून झाल्यावर मी तिच्याखाली जाऊन उभा राहिलो. आपलं तसं ठरलं होतं. डोकं वर करून बघितलं. मला म्हणायचं होतं की अजून रंगकाम व्हायचंय, की उन्हाळा जाऊ द्या मग बघू, की छताचे डाग मी घासूनच काढणार आहे. दुसऱ्या बाजूने कुणी बोलल्याशिवाय भांडता येत नाही, ही गोष्ट मला या वयात कळली.

जेवण मी आधीच सांगून ठेवलं होतं. पुरी, वांगं-बटाट्याची भाजी आणि बुंदी. पंगत तुमच्या पहिल्या मजल्यावरच बसवली, लाकडी जमिनीवर, चपला खाली काढून. अक्का आली होती. ती कडेला बसली आणि हाताने जमीन चाचपत राहिली. मजूर बसले, पण नेहमीचा गलका नव्हता. मी बुंदीचं भांडं घेऊन वाढायला निघालो. शेवंताबाईने पत्रावळीवर हात आडवा धरला.

"मालक, हे जेवण साहेबाचं हाय का?" तिने विचारलं. "तसं असंल तर मी गोड खाणार न्हाई. मला न्हाई जाणार."

सगळ्या पंगतीचे हात थांबले. अक्का माझ्याकडे बघत होती.

"न्हाई," मी म्हणालो. "स्लॅबचं हाय."

शेवंताबाईने हात बाजूला घेतला. मी तिला बुंदी वाढली आणि पुढच्या पत्रावळीकडे गेलो.